दहापर्यंत

फेरीबोटीच्या पोटात मी गाड्या लावतो.
पुढे. अजून. थांब. चाक डावीकडे.
वाऱ्यात शब्द टिकत नाहीत, म्हणून हातांनीच बोलतो,
आणि बावीस वर्षांत एकाही गाडीने
मला उलट उत्तर दिलेलं नाही.

घरी आलो की तेच तोंडात:
बूट काढ. हात धू. खा. झोप.
मिर्टेल पाच वर्षांची. बूट काढते, हात धुते.
हियुमा बेटावर सगळे म्हणतात, गुणी आहे हो पोर,
हूं की चूं करत नाही.

हेल्यो बाई पलीकडच्या किनाऱ्यावरून येतात, दर मंगळवारी,
माझ्याच बोटीने. हिरवी गाडी, नेहमी शेवटच्या रांगेत.
आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी तासभर नुसतं पाहिलं.
मग म्हणाल्या, "आयवो, तू लेकीशी बोलत नाहीस.
तू तिला पार्क करतोस."

कप मी जरा जोरातच ठेवला.

त्या म्हणाल्या, काहीतरी विचार. लहानसं.
'बालवाडीत काय झालं' हे फार मोठं दार, तिला ढकलवत नाही.
आणि विचारलंस की गप्प बस.
मनात दहा मोज.

दहा म्हणजे किती, हे गाड्या लावणाऱ्याला विचारा.
दहात मागचे तीन हॉर्न वाजतात.

त्या संध्याकाळी ती एकच हातमोजा घालून आली.
"दुसरा कुठे गेला?"
आवाज नेहमीसारखा लागू नये
म्हणून खाली बसलो, तिच्या डोळ्यांइतका.
एक. दोन. चुलीत बर्चचं लाकूड तडकलं.
चार. तिने ओठ उघडले, मिटले.
पाचवर तिचं उत्तर मलाच सुचलं: हरवलास ना?
गिळलं. मासा काट्यासकट गिळावा तसं.
सात. बाहेरून कुणाची तरी घसरगाडी गेली.
दहा झाले. काही नाही.
गुडघे दुखत होते, मी उठणार,
तेवढ्यात, अकराला:

"ब-बफ्फाच्या माणसाला दिला.
त्याला हात एकच होता."

बफ्फ नव्हे, बर्फ; अगदी जिभेच्या टोकावर आलं.
चूक काढायची नाही, बाईंनी बजावलं होतं,
तिचंच वाक्य तिला परत द्यायचं, नीट घडी घालून.
"असं होय, बर्फाच्या माणसाला दिलास.
मग आता गारठलेला हात कुणाचा?"
चारच मोजले. ती हसली,
आणि तो हात माझ्या गालावर टेकवला.
ते मी उत्तरच धरलं.

मार्चात बर्फ वितळलं, हातमोजा कुंपणाशी सापडला.
ती अजून फार बोलत नाही.
शेजारीण आली की अजून टेबलाखाली जाते.
पण काल जेवताना तिने चमचा खाली ठेवला:
"बाबा, आज तुझ्या बोटीत कोण आलं?"

हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं.
गाड्या आठवल्या, रंग आठवले,
माणूस एकही आठवेना.
समोर ती ताठ बसलेली, गप्प,
एकेक बोट उघडत.
दोन्ही हात संपले.
मग खाली वाकून
तिने पायमोजे काढले.