पाणी आलं होतं तिथवर

पहिल्या आठवड्यात मी फोनमधल्या बाईचं सगळं ऐकायचो.
ती म्हणाली सरळ जा, मी सरळ गेलो,
आणि स्प्लेंडरचं पुढचं चाक
घाटाच्या वरच्या पायरीवर.
खाली कृष्णा. एक आजोबा धोतर पिळत होते,
मान वर न करताच म्हणाले,
"ह्या महिन्यातला तू चौथा."

पार्सल आरवाडेबाईंचं. मिक्सरचं भांडं.
फोन लावला.
"घाटावर कशाला गेलात? मागं फिरा,
पाणी आलं होतं तिथवर या,
तिथनं डावीकडं तिसरं घर."
"कुठलं पाणी?"
पलीकडं कुकरची एक शिट्टी झाली.
मग बाई म्हणाल्या,
"सांगलीचे नाही वाटतं तुम्ही."

नाही.
मी जत तालुक्यातला, संखच्या अलीकडचा.
आमच्यात पत्ता सांगतात बोअरवरनं:
बंद बोअर, बंद बोअर, बंद बोअर,
मग एक चालू, त्याला लागून आमचं.
आईच्या कन्नडात डावं म्हणजे एड.
घाईत अजून आधी एडच येतं,
मग मराठी, मग हात वळतो.
तेवढ्यात वळण मागं गेलेलं असतं.

खणभागात एका जिन्याखाली तीन रेघा आहेत.
पाच सालची माझ्या कमरेला,
एकोणीसची हेल्मेटच्या वर चार बोटं,
एकवीसची मधे कुठंतरी, कोळशानं ओढलेली,
ती कुणी फारशी मनावर घेत नाही.
मगदूम वकिलांचं घर
पाचच्या पाण्याच्या बाहेर, एकोणीसच्या आत.
शामरावनगरात छप्पन नंबरच्या शेजारी एकशे तीन,
तिथं विचारायचं, बोट लागायची ते किराणा दुकान कुठलं.
दुकानदार स्वतःच सांगतो. पाणी पण पाजतो.
नदाफांची सून दुसऱ्या मजल्यावरनं टोपली सोडते,
मी म्हटलं, ताई, दोरी लई भारी आहे.
म्हणाली, "तेव्हाचीच आहे. दूध घेत होतो वर.
नऊ दिवस."
टोपलीत ओटीपीची चिठ्ठी, आणि एक चिक्कू.

एप्रिलची दुपार,
डांबर टायरला चिकटतंय,
रस्त्यावर एक थेंब नाही,
आणि मी गल्लीगल्लीतनं बघत चाललोय
पाणी कुठवर आलं होतं.

आता मला येतं. बाईचा आवाज बंद करून ठेवलाय.
दिवसाला साठ, कधी पासष्ट.
कुत्री सुद्धा ओळखतात, एक सोडून.

काल रात्री विट्याच्या नव्या पोराचा फोन.
अविराज. आवाज रडवेला,
गिऱ्हाईक उचलत नाही, अंधार,
बाई म्हणते तुम्ही पोचलात.
मी म्हटलं, सोपं आहे रे,
पाणी आलं होतं तिथनं एड... डावीकडं, दुसरा बोळ.
"कुठलं पाणी?"
"एकोणीसचं."

असं म्हणालो, जसा काही गळ्याइतक्यात उभा होतो मी त्या बोळात.
त्या ऑगस्टात मी टँकरच्या रांगेत होतो,
पुढं सतरा घागरी, मागं मोजल्या नाहीत.
कुणाच्या तरी फोनवर सगळे हेच गाव बघत होतो,
पत्र्यावर बसलेली एक बाई, मांडीवर शिलाई मशीन.
मागचा म्हातारा म्हणाला, जरा इकडं वळवा म्हणावं.
कुणी हसलं, कुणी नाही.
तेवढ्यात टँकर आला.

"दादा, रेघ दिसत नाही," अविराज म्हणाला.
"भिंत नवी रंगवलीय. पिस्ता कलर."
मी जरा वेळ काहीच बोललो नाही.
पिस्ता कलरची भिंत मला आठवेना.

"तिथंच उभा रा," मी म्हटलं,
"गाडीचा लाईट चालू ठेव.
येतो मी."