थैली फिरेपर्यंत

मनाम्यातल्या त्या आवारात देव एकच, वेळा मात्र वाटून दिलेल्या.
मल्याळी मंडळी सहा ते आठ, तमिळ आठ ते दहा,
आम्ही मराठी दहा पंधरा ते पावणेबारा,
आणि अकरा चाळीसपासूनच दाराबाहेर फिलिपिनो पोरं
पाठीवर गिटारी घेऊन, अगदी नम्रपणे उभी.

सुवार्ता ओहोळ तिथं पहिल्यांदा गायली तेव्हा नऊ वर्षांची.
पाळक तिचेच वडील. आठवडाभर ॲल्युमिनियमच्या कारखान्यात स्टोअरकीपर,
शुक्रवारी पांढरा झगा, बगलेत शास्त्र.
मी मिक्सरवर. श्रीरामपूरचा, पोटापाण्याला एसी दुरुस्ती.
तिचा आवाज मी कानांच्या आधी काट्यानं ओळखला:
लाल रेघेला टेकायचा
आणि ओलांडायचा नाही.

थैली फिरताना गाणं थांबवायचं, ही आमची रीत.
जांभळी मखमल, लाकडी मूठ, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत.
नाणं वाजू नये म्हणून माणसं हात आत घालून मूठ उघडत.
तिसऱ्या बाकावरच्या शिरसाठबाई दिनार टाकून अर्धा दिनार परत घेत,
त्यात दोन मात्रा जायच्या.
पोरगी तेवढा वेळ माईकसमोर, ओठ मिटून,
पायाच्या अंगठ्यानं मोजत.
सोळा.
शिरसाठबाई आल्या असतील तर अठरा.

मग नर्सिंगची फी आली. मग जुफेरमधलं हॉटेल,
गुरुवारी रात्री नऊ ते दोन, साउंडला मीच.
पहाटे माईकच्या जाळीवरची लिपस्टिक मी स्पिरिटनं पुसायचो,
सव्वादहाला त्याच माईकवर पाळक म्हणायचे, आपण प्रार्थना करू या.
माईकनं कधी तक्रार केली नाही.

पंचांनी केली.
ठराव क्रमांक सात: सदर भगिनीस गायनवृंदातून विश्रांती देण्यात यावी.
खाली सहा सह्या.
सहावी वडिलांची. पहिल्या अक्षराआधी शाईचा एक ठिपका,
पेन टेकवून उचललेलं, पुन्हा टेकवलेलं.

सित्र्याला टायरच्या दुकानावरच्या खोलीत, भिंतींना गाद्या ठोकून,
तिनं ते गाणं रेकॉर्ड केलं, जे पुढं
टॅक्सीत, सलूनमध्ये, करक चहाच्या गाड्यांवर, सगळीकडं.
दोहा, मस्कत, मग दुबई.
पोस्टरवर नुसतं ‘सुवा’.
वार्ता गेली, ओहोळ आटला,
असं बनसोडेकाका म्हणाले. आणि नातीसाठी दोन पास मागितले.

गाण्याच्या मधोमध सगळी वाद्यं थांबतात.
कंपनीवाला म्हणाला होता, एवढी शांतता कोण ऐकतं? काप.
तिनं कापली नाही.
दुबईत अकरा हजार माणसं त्या शांततेत किंचाळली, फोन वर धरले,
मुलाखतीत तिनं सांगितलं, सस्पेन्स हो, दुसरं काय.
मी बाजूच्या अंधारात, हेडफोन लावून.
चांदीच्या बुटाचं टोक हलताना दिसलं.
मीही मोजलं.
अठरा.

परवाच्या शुक्रवारी आली. न कळवता.
पाळक निवृत्त होऊन राहुरीला गेलेत, झग्यात आता दुसरा कुणी.
शेवटचा बाक, डोक्यावरून ओढणी, गॉगल.
लोकांनी सलाम केला, तिनं केला.
गा म्हणून कुणी म्हणालं नाही. ठराव रद्द करायचा राहूनच गेलाय.
थैली निघाली. शिरसाठबाईंचा बाक रिकामा,
त्यांना जाऊन तीन वर्षं झाली,
म्हणजे सोळाव्या मात्रेला तिच्यापर्यंत पोचायला हवी. पोचली.
तिनं हात आत घातला आणि काढलाच नाही.
सतरा.
अठरा.
थैलीवाला पोरगा नवा, हळूच म्हणाला, ताई, पुढची मंडळी थांबलीय.
बाहेर कुणीतरी गिटारीची तार पिळत होतं.

दुसऱ्या चॅनेलची पट्टी मी वर सरकवून ठेवली होती, सकाळपासून.
कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, विसरलो.