आळेगाव, दुपारी

जिल्ह्यात आळेगावं दोन.
पुतण्या काकाला शरण गेला ते यांतलं कुठलं,
यावरही भाऊबंदकी.
मी नदीकाठचं धरलं,
कारण शिवाजीनगर कोर्टातून बाहेर पडल्यावर
पाणी बघायचं होतं, एवढंच.

मागच्या सीटवर फायली. अकरा वर्षांच्या तारखा,
एका छापखान्याची वाटणी:
ट्रेडल दोन, कटर एक, खिळ्यांच्या केसा चाळीस,
पैकी 'ळ'चा अख्खा खण
प्रतिवादी दिगंबरकाका यांनी रात्री उचलून नेला
असं आमच्या अर्जात आहे, परिच्छेद सहा.
तेव्हापासून आमच्याकडे
आळेगाव जुळत नाही.

गावात फलक नाही. चौथरा नाही. ऊस आहे,
तुऱ्यावर आलेला, आणि पलीकडे भीमा,
जलपर्णीखाली; पाणी आहे
हे ऐकून मानायचं.
कुठल्या ढेकळांवर तंबू होता? कुठल्या बाजूनं आला
तो सतरा वर्षांचा पोरगा?
मला तो घोड्यावर दिसत नाही. चालत येतो,
दोन्हीकडं आपलीच माणसं,
ओळखीची, म्हणून खाली बघणारी.
बखरीत असेल-नसेल, मी हे कोर्टात शिकले:
शरण येणाऱ्याला
बसायचं कुठं ते कुणी सांगत नाही.

मोटारीच्या पेटीपाशी निवृत्ती शितोळे, लाइटीची वाट बघत.
"तसलं काय इथं झालं नाय," म्हणाले.
मग तंबाखू मळून झाल्यावर,
"झालंबी असंल. घरातलीच म्हटल्यावर."
त्यांची विहीर निम्मी. आठ दिवस यांचे, आठ थोरल्याचे.
एकोणीस वर्षं बोलणं नाही.
"पण पाळी संपली का पेटीची किल्ली
त्या बाभळीच्या खुंटीला. मी अडकवायची, त्यानं काढायची.
तेवढं चुकत नाय."
किल्ली हातात घेऊन पाहिली.
झिजून चकचकीत,
दोघांच्या बोटांनी.

खिळे उलटे वाचायला मला काकानंच शिकवलं.
स्टुलावर उभी करून, हाताला शाई,
"डावीकडून नको गं, उजवीकडून ये."
तसं वाचलं तर
सहाच वर्षांनी काका कैदेत, पुण्यात,
पुतण्याच्या.
म्हणजे इथं झाली ती शरणागती नव्हे,
पुढची तारीख.

हडपसरच्या पुलाखाली अडकले तेव्हा फोन लावला.
काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.
'ळ' परत दे, असं काहीतरी.
तिकडून खोकला. नाव विचारलं नाही.
"कोणती पडली?"
"चौदा."
"चौदाला माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे."
डोळ्याचं. स्वच्छ, ठाशीव 'ळ',
नुकताच खणातून काढल्यासारखा.
मागचा टेम्पो हॉर्न वाजवायला लागला.
"मग पुढची मागून घेऊ," मी म्हटलं,
आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.