सीट गरम करायचं बटण

जळगावात ह्या बटणाला काम नसतं.
मे महिन्यात गाडी दालमिलच्या पत्र्याखाली उभी असते
तेव्हा सीट आपली आपणच तापते,
बसणारा हाय हाय करत उठतो,
आणि बटण, त्यावरच्या तीन तांबड्या वाफांसकट,
सासरी मुक्काम लांबलेल्या जावयासारखं
नुसतं बघत राहतं.

म्हणून डिसेंबरात आम्ही तोरणमाळला जातो.
शेठ सांगतात, हवा पालटायला.
मी गाडी चालवतो, मला ठाऊक आहे
कशाला ते.

चोपडा सोडलं की केळीच्या बागांतून धूर.
घडांना गारठा बाधू नये म्हणून
माणसं रात्रभर बांधावर ओला पाला जाळतात,
झाडं शेकतात.
भाभी म्हणतात, तायडे, काच वर घ्या.
काच वरच असते.
मी घेतल्यासारखं करतो.

शहाद्याला चहा. त्यांचा गाडीत, माझा टपरीवर.
मग घाट.
समोरच्या पडद्यावर आकडा उतरू लागला:
अठरा. पंधरा. तेरा.
आयुष्यभर भाव पडला की ज्यांची झोप उडाली
ते उत्तमशेठ झांबड
पडत्या आकड्याला मागून टाळी देत होते.
लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या बाया वळणावर
डोंगराला पाठ लावून उभ्या राहिल्या,
आम्हाला जागा दिली.
अकरा.
"दाबा, तायडे."

दाबलं.
कोणी बोलेना.
"लागतंय का हो?" भाभी.
"थांब."
सीताखाईचा फाटा गेला.
"लागतंय," शेठ म्हणाले,
नातू झाल्याची खबर सांगावी तसं.

त्यांना तलावाकडच्या खिडकीची खोली.
मला गाडी.
"बटण लावून झोपा बिनधास्त," शेठ म्हणाले,
आणि दोन पायऱ्या चढून वळले,
"डिझेल मात्र जळतं हं."
मी नाही लावलं.
मफलर, मोजे, वर्दीवर स्वेटर, स्वेटरवर वर्दी,
तरी दीड वाजता दातांनी स्वतःच ठेका धरला.

फाटकाशी जामसिंगबाबाची शेकोटी होती.
त्यानं काही विचारलं नाही,
दगड पुढे सरकवला.
राखेतून शेंगा काढून दिल्या, अर्ध्या कोळसा.
आम्ही त्या खाल्ल्या. तलाव दिसत नव्हता,
पण तो आहे हे गुडघ्यांना कळत होतं.

मग शेठ आले, हॉटेलची रजई पांघरून.
खोलीतल्या हीटरनं घसा सुकतो म्हणाले.
बसले. मालकासारखे नाही बसले,
बसता येईल तसे बसले.
थोड्या वेळानं:
"पुढून भाजतं हो. पाठ उघडीच."
"आगीचं असंच असतं," मी म्हणालो.
"आणि सीटचं उलटं," शेठ म्हणाले,
आणि माझ्याकडे बघितलं,
आणि मी किल्ली काढली.

गाडी शेकोटीला टेकवून उभी केली, दार उघडं.
पुढून आग, मागून बटण.
बत्तीस लाखांच्या गाडीला पहिल्यांदा
पूर्ण ऊब आली.
शेठ डोळे मिटून बसले, मग उठले.
"बाबा, तुम्ही बसा."
जामसिंगबाबानं हात धोतराला पुसले.
बसला.
पाठ टेकवली नाही. मग टेकवली.
चेहऱ्यावर काहीतरी आलं,
लगेच गेलं.
तो ताडकन उठला.
"नको भाऊ. झोप लागी जाई.
मंग रात कोन राखी?"

काठी घेऊन कंपाउंडाला फेरी मारायला गेला.
आम्ही दोघं बघत राहिलो.
शेठनी बटण बंद करायला सांगितलं नाही,
मीही केलं नाही.

जळगावला गाडी धुताना
मलईरंगी चामड्यावर सापडला
राखेचा पंजा.
उठताना रेटा दिलेला, चार बोटं.
ओल्या फडक्यानं निघाला. निघणारच.

आता मे आहे, सेहेचाळीस.
सीट तापलीय, हात लावू देत नाही.
शेठ विचारतात, तायडे, एसी लावून ठेवलाय ना?
लावलाय.
मिलचा नवा वॉचमन खुर्चीत पेंगतोय.
त्याला उठवायला
मी गाडीचं दार जरा जोरात लावतो.