सर्चलाइट

जांबोटी क्रॉसवर गॅरेज माझं.
बेळगावची जीप आली,
टायर मोठे, अजून चिखल न चाखलेले,
मागच्या सीटवर गोणपाटात काहीतरी लांब.
‘टपावर दिवा बसव. चौफेर फिरला पाहिजे.’

आबा, भरमाणी हाकेवाले,
ठासणीच्या बंदुकीमागं अनवाणी गेलेले,
म्हणायचे :
डुकराला जेवढा दम लागतो
तेवढा आपल्यालाबी लागायला पायजे.
पाणवठ्यावर न्हाई. पिलं मागं असली तर न्हाई.
आणि जखमी होऊन सुटलं
तर रगात दिसंल तितकं मागं जायचं,
जेवण ऱ्हायलं तर ऱ्हायलं.

मी चार बोल्ट आवळले.
वायर बॅटरीला जोडली.
कायदा मलाही ठाऊक, त्यालाही;
बोलणं झालं ते डिझेलच्या भावावर.
सहाशे रुपये.

रात्री कणकुंबीच्या बाजूनं इंजिन घुमलं,
कुणाच्या तरी शेताचा बांध मोडत.
उजेड जांभळीवरनं उतरला,
गोठ्यावर,
म्हशीच्या डोळ्यांत दोन निखारे,
मग माझ्या खिडकीत.

मी उभा होतो.
हललो नाही.
पळायचं कुणीकडं, ते
उजेडात कळत नाही.