एकच बटण आत

रीगामध्ये, नदीवर बर्फ धरलेला असताना,
आम्ही एका दवाखान्याच्या फॉर्मची चाचणी घेतली.
लहान खोली, टेबल, स्क्रीन,
काचेपलीकडे वही घेऊन गुंटिस,
आणि माझं काम एवढंच, की गप्प बसायचं.
मदत करायची नाही, बोट दाखवायचं नाही.
माणूस अडखळला तर अडखळू द्यायचा,
फक्त कुठे अडखळला ते टिपून ठेवायचं.

सकाळपासून तिघं येऊन गेले.
पहिल्याने फ्लॉपीच्या चित्राकडे पाहून विचारलं,
हे वॉशिंग मशीन का?
दुसरीला बरोबरची खूण दिसेचना.
ती आम्ही फिकट राखाडी ठेवली होती,
छान दिसते म्हणून.
तिसरा थरथरतं बोट घेऊन
मोहरीएवढ्या चौकोनावर नेम धरत बसला.
शेजारच्या शब्दाला बोट लागलं तरी चालायला हवं,
हे मला पहिल्या वर्षी शिकवलेलं.
मी हो म्हणाले होते, आणि विसरले.

चौथी बिरुटा. वय एक्याऐंशी.
लोकरीची टोपी काढून मांडीवर ठेवली,
तिच्यावरचा बर्फ वितळेपर्यंत बोलली नाही.
मग म्हणाली, हे गोल गोल काय?
यांना रेडिओ बटण म्हणतात, मी म्हटलं
(एवढं सांगायची परवानगी होती),
तर ती हसली, दात नसलेल्या बाजूने.

अठ्ठावीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात होते मी, बाई.
पाच बटणं, एका रांगेत. मीच बसवायचे.
एक आत गेलं
की आधीचं खटकन वर.
खाली पत्र्याची एक पट्टी सरकते, ती ठरवते सगळं.
लोक दोन एकदम दाबायचे. मुलं तर हटकून.
मग दोन्ही आत रुतून बसायची,
आणि असा रेडिओ परत यायचा माझ्याच टेबलावर.

सातवा प्रश्न. घरी तुमच्यासोबत कोण राहतं?
तीन गोल.
तिने दाबलं, एकटी.
थांबली. दाबलं, जोडीदार.
वरचा ठिपका गेला.
पुन्हा एकटी. खालचा गेला.
पुन्हा.
गुंटिसच्या वहीत सात रेघा आहेत.
मी नियमाप्रमाणे गप्प.

आर्विड्स असतो घरी, ती स्क्रीनलाच सांगू लागली.
खुर्चीत असतो. दिवस मावळला
की मला विचारतो, माझी बायको कधी येणार?
मी म्हणते, येईल.
चहा दोघांचा करते.
मग माझ्याकडे वळून,
पट्टी चांगली बसवली आहे तुम्ही.
दुसरं उडतंच.
ती खरोखर कौतुक करत होती.

त्यानंतर तीन दिवस भांडण.
गुंटिस म्हणाला, चौकोन करू, हवे तितके निवडू देत.
मी म्हटलं, दवाखान्याला एक उत्तर लागतं,
तक्त्यात एकच रकाना आहे.
तो म्हणाला, मग रकाना चुकलाय.
मी म्हटलं, उद्या कुणी तिन्हीवर खुणा करेल.
तो म्हणाला, करू दे की.
मी दार आपटून कॉफी आणायला गेले,
आणि लिफ्टमध्ये बटणांची रांग पाहत
दोन मजले उगाच वर गेले.

चौकोन झाले. अंगठ्याएवढे.
शब्दाला हात लावला तरी खूण उमटते, गडद.
फ्लॉपी काढली, तिथे साधं लिहिलं, जपून ठेवा.
रकान्याचं भांडण अजून मिटलेलं नाही.

एप्रिलमध्ये बिरुटा पुन्हा आली, टोपीशिवाय.
सातव्या प्रश्नाला तिने एकटीवर खूण केली,
मग जोडीदारावर,
आणि बोट तसंच हवेत धरून
थोडा वेळ थांबली,
वरची उडते का ते बघत.