दोन अक्षरं

गूल बंदरात, ऊझ नदीच्या काठी
क्लिफर्ड ओल्ड्रॉइड टँकरच्या अंगावर अक्षरं रंगवायचा.
लाल, हातभर उंच.
चाळीस वर्षं तोच शब्द:
इन्फ्लेमेबल.
आता तो वाचावा लागत नसे,
नुसता हातातून यायचा,
बुटाच्या नाडीच्या गाठीसारखा.

मार्चमधल्या एका सकाळी
लॅटव्हियाहून नवा आलेला आइवर्स
त्याच शब्दाला पाठ टेकून काडी ओढू लागला.
ओल्ड्रॉइड धावला.
थपडेसरशी सिगारेट उडाली,
ओठही थोडा फुटला.

पोरगं भांडलं नाही.
खिशातून त्यानं रात्रशाळेची वही काढली.
इनव्हिजिबल: न दिसणारं.
इनकरेक्ट: बरोबर नसलेलं.
इनकम्प्लीट: पुरं न झालेलं.
मग हे,
न पेटणारंच ना?

काय सांगायचं त्याला?
आमच्यात बांगडी फुटली की वाढवली म्हणतात,
आणि जे अमोल, ते फुकट नसतं.
पण ओल्ड्रॉइडला कुठली मराठी,
आणि माफी मागण्यापुरतं इंग्रजी
त्याच्याही तोंडात नव्हतं.
त्यानं चहा आणून दिला,
साखर दोन चमचे जास्त.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातून हुकूम आला:
पहिली दोन अक्षरं काढून टाका, नुसतं फ्लेमेबल ठेवा.
एकतीस टँकर.
थिनरच्या डब्यावर मात्र जुनाच शब्द,
बारीक टायपात, इन सकट.

आइवर्स शिडी धरायचा.
सातव्या की आठव्या टँकरला त्यानं विचारलं,
‘मग ते इन होतं कशाला तिथं?’
ओल्ड्रॉइडनं बोळा पिळला.
लाल पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेलं.
‘ते नाही म्हणत नव्हतं, पोरा.
ते आत म्हणत होतं.’

मॅविसला मातीत ठेवून
हा माणूस दुपारच्या पाळीला हजर झाला होता.
अर्धा टँकर रंगवला होता, रेघ कुठं हलली नव्हती.
न पेटणारा आहे, असं गोदीतले म्हणाले होते,
त्यांच्या शब्दांत.

संध्याकाळी नदीवरून ऊन तिरपं येतं तेव्हा
नव्या रंगाखाली ती दोन अक्षरं
अजून दिसतात, फिकी,
खरवडलेल्या खपलीसारखी.
आइवर्स तिथून जाताना काडेपेटी चाचपतो,
खिशात खोल ढकलतो.
आणि म्हाताऱ्याला हाक मारायची झाली
तर चार पावलं लांबूनच मारतो,
हळू.